नवऱ्याने टाकलेल्या बहिणीचं दुसरं लग्न: शास्त्रात बसतं का?

प्रश्न
सलाम. आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट. धाकट्या बहिणीला नवऱ्याने टाकलं, दुसरीबरोबर संसार थाटला. कोर्टातून घटस्फोट झालाय. आता आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एका विधुराचं स्थळ आलंय. पण पाळकसाहेबांनी बायबलातलं मार्क 10 उघडून "हा व्यभिचार होईल" असं सांगितलं. तेव्हापासून ती प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घेत नाही. भाकरीचं ताट पुढे आलं की मान खाली घालते. शास्त्राला धरून कुणी सांगेल का?

उत्तर : निवृत्त धर्मशिक्षिका
ताई, आधी तिला प्रभुभोजन घ्यायला लावा. दोषी ती नाही.

मार्क 10:11-12 कडक आहे, लूक 16:18 सुद्धा. पण तोच प्रसंग मत्तय 19 मध्ये वाचा, तिथे जोडीदाराने व्यभिचार केला असेल तर असा अपवाद आहे. परूश्यांचा, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांचा, प्रश्न होता, कोणत्याही कारणाने बायको टाकता येते का? हिल्लेल नावाच्या यहुदी गुरूच्या पंथाचे म्हणत, स्वयंपाक बिघडवला तरी टाकता येते. शम्माय या दुसऱ्या गुरूच्या पंथाचे म्हणत, बदफैलीशिवाय नाही. प्रभूने त्यांना थेट उत्पत्तीपर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापर्यंत, मागे नेलं आणि बायकोला सहज घराबाहेर काढणाऱ्या पुरुषांना अडवलं. तेच वचन टाकलेल्या बाईवर उगारायचं, हे मला अजिबात पटत नाही.

1 करिंथ 7:15 मध्ये प्रेषित पौल म्हणतो, विश्वास न ठेवणारा नवरा सोडून गेला तर बहीण, म्हणजे विश्वासी बायको, बांधलेली नाही. नवरा ख्रिस्ती असेल तर हे लागू करावं का, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. म्हणून भर मत्तय 19:9 वर द्या. कोर्टाच्या हुकूमनाम्यात घटस्फोटाचं कारण काय लिहिलंय?

उत्तर : वसईकर
आम्हा कॅथलिकांत कोर्टाचा घटस्फोट पुरत नाही. पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं, असं चर्चच्या न्यायमंडळाने ठरवलं तरच चर्चमध्ये पुन्हा लग्न लागतं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी दुसऱ्या न्यायमंडळाचाही होकार लागायचा.

प्रश्नकर्ती
कारण 'परस्पर संमती' लिहिलंय. लवकर सुटेल म्हणून वकिलांनी तसं केलं.

निवृत्त धर्मशिक्षिका
तिथेच घोळ आहे. संमतीची ही सोय ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात 2001 मध्ये आली. त्याआधी बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, सोबत छळ किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. आता सुटका सोपी झाली, पण कागदावर नवऱ्याचा दोष उरत नाही. पाळकसाहेबांना कागदावरून कसं कळणार? त्याने दुसरीबरोबर घर केल्याचं मंडळीतल्या दोन ज्येष्ठांना ठाऊक असेलच. त्यांच्या सह्या घ्या आणि पास्टरेट कमिटीकडे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे) लेखी अर्ज करा. अर्जाचा मसुदा मी लिहून देते.