मदत हवी आहे : प्रिया तेंडुलकर यांच्यावर बोलायचंय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या रामबागेतल्या महिला मंडळात पुढच्या महिन्यात मला प्रिया तेंडुलकर यांच्यावर बोलायचंय. वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच चहा-पोह्यांच्या गडबडीत जाणारच.

१९८५ मध्ये दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची ‘रजनी’ ही मालिका लागायची, त्यातली रजनी म्हणजे प्रिया तेंडुलकर. पदर खोचून गॅस सिलिंडरवाल्याला जाब विचारणारी ती बाई आमच्या पिढीला अजून डोळ्यांसमोर दिसते. सुनांना मात्र नावही माहीत नाही. आणि बहुतेकांची गाडी ‘रजनी’वरच थांबते. मला त्याच्या पलीकडचं सांगायचंय: विजय तेंडुलकरांची मुलगी, पंचतारांकित हॉटेलातली नोकरी, मराठी चित्रपट, पुढे स्वतःच्या नावाचा टॉक शो आणि स्वतंत्र बाजाच्या कथा. माझ्या मते लेखिका म्हणून त्यांची दखल फार कमी घेतली गेली. २००२ मध्ये गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

तर दोन गोष्टी हव्यात. ‘रजनी’चा आवाज नीट ऐकू येईल असा एखादा भाग कुठे मिळेल? मला सापडलेल्यात नुसती खरखर आहे, हॉलमधल्या स्पीकरवर तर काहीच कळणार नाही. दुसरं, त्यांची सात-आठ मिनिटांत वाचून होईल अशी कथा कोणी सुचवेल का? फार उदास नको, समोर सत्तरीच्या आज्याही असतात. इंदुरात कोणाकडे पुस्तक असेल तर मी स्वतः येऊन नेईन, कव्हर घालून परत करीन.