सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ किडू नये म्हणून काय करावं?

ओवीची आई: मुलगी सहा वर्षांची आहे, दोन्ही वेळा ब्रश करते. तरी दुधाच्या दोन दाढा किडल्या. आता खाली अगदी मागे नवी दाढ अर्धवट वर आलीय आणि तिच्या खाचांत अन्न अडकतं. ही कशी वाचवायची? फ्लोराइडची पेस्ट या वयात चालते का?

दंतवैद्य_सातारा: ही दाढ आयुष्यभराची आहे. कुठलाही दात न पडता ओळीच्या मागे उगवते, म्हणून बऱ्याच घरांत दुधाचीच समजून सोडून दिली जाते. पुरती वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खुजी असते. नेहमीसारखा मागे-पुढे ब्रश फिरवला की केस शेजारच्या दाढेवर टेकतात, हिच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी ब्रश ओठांच्या कोपऱ्यातून आडवा आत घाला आणि फक्त त्या एका दाढेवर दहा-पंधरा वेळा हलक्या हाताने घासा. तोंड अर्धंच उघडायला सांगा. मोठा ‘आ’ केला की गाल ताणला जातो, ब्रशला जागा राहत नाही.

हे काम तुमचं, तिचं नव्हे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागे नीट वळत नाही. तिला पाठमोरी उभी करून डोकं तुमच्या छातीला टेकवा, म्हणजे आतलं दिसतं.

पेस्ट फ्लोराइडचीच हवी, मटाराच्या दाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. ट्यूबवर फ्लोराइड 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलंय का बघा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये 500च असतं, आधीच कीड लागलेल्या तोंडाला ते अपुरं. घासल्यावर नुसतं थुंकायचं. खळखळून चूळ भरली की दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड वाहून जातं.

दातांची_निगा: रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि तोंडातलं आम्ल धुऊन निघत नाही. ब्रशनंतर प्यायला फक्त पाणी. दूध किंवा गोड औषध द्यायचं तर ब्रशच्या आधी. आणि बिस्किटांकडे लक्ष द्या, ती चॉकलेटइतकीच दाढेच्या खाचांत चिकटून बसतात. खाल्ल्यावर सुमारे अर्धा तास दातांवर आम्ल राहतं. डबा खाऊन मग तासभर एकेक बिस्कीट चालू असेल तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. खायचं ते जेवणासोबत, एकदाच.

ओवीची आई: चूळ नाही भरली तर पेस्ट पोटात जाणार ना? आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, घरी बोअरचं पाणी आहे.

दंतवैद्य_सातारा: शंका रास्त आहे. तिकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त असतं. आधी पाणी तपासून घ्या, लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर आलं तर पिण्याचं पाणी बदला. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पेस्ट मात्र थांबवू नका. मटाराएवढीच ठेवा, दोन-तीनदा नीट थुंकायला लावा आणि ट्यूब तिच्या हाती देऊ नका.

ब्रश कितीही चांगला असला तरी दाढेवरच्या काही खाचा त्याच्या केसापेक्षा अरुंद असतात. त्या सीलंटने, म्हणजे दंतवैद्य खाचांवर लावतात त्या पातळ संरक्षक थराने, बुजवून घ्या. टोचणी नाही, कोरणं नाही. रेझिनचं (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचं) सीलंट लावताना दाढ कोरडी ठेवावी लागते, हिरडीखाली अर्धी दडलेल्या दाढेवर ते टिकत नाही. तोवर ग्लास आयोनोमर या दातांच्या सिमेंटचा तात्पुरता थर देता येतो, दाढ पूर्ण वर आली की पक्कं सीलंट. दर सहा महिन्यांनी सीलंटची कड उडालीय का दाखवून घ्या. उडालेल्या कडेखाली अन्न शिरलं तर कीड वरून दिसतही नाही.