साडेनऊ महिन्यांची लेक अचानक अंगावर प्यायला तयार नाही, सुटलं म्हणायचं का?

मुरारची_सून
आम्ही ग्वाल्हेरला, मुरारला राहतो. लेक परवापर्यंत मजेत अंगावर पीत होती आणि आता जवळ घेतलं की पाठीची कमान करते, किंचाळते, तोंड फिरवते. खिचडी, वरणभात मात्र चट्टामट्टा. थंडी भयंकर आहे, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, तिचं नाकही जरा वाहतंय. मेळ्यात नेऊन आणलं तेव्हापासूनच हे सुरू झालं म्हणून सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आता म्हणतायत की स्वतःहून सोडतेय तर सोडू दे, म्हशीचं दूध पाणी घालून बाटलीने दे. इकडे माझी छाती दगड झालीये आणि रडू येतंय ते वेगळंच. खरंच सुटलं का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

दोन_लेकरांची_आई
अगं, सुटताना असं एका दिवसात सुटत नाही. बाळ आपणहून सोडतं ते बहुतेक वर्ष उलटल्यावर, तेही हळूहळू, आधी दुपारचं बंद, मग संध्याकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. वर्षाच्या आतलं बाळ एकदम नाही म्हणालं तर तो संप समज, मागण्या काय आहेत ते बघ. दात येतायत का? चावली तेव्हा तू जोरात ओरडलीस का? काही पोरं तेवढ्यानेच बिथरतात. नवीन साबण, सेंट, नाहीतर सर्दीसाठी छातीला बाम चोळलास का? पाळी परत सुरू झाली तरी काहींना चव वेगळी लागते म्हणे. आणि तोंडात आत पांढरे डाग दिसतात का तेही बघ, छाले असले तर ओढताना दुखतं.

वॉर्डातली_ताई
मी बालविभागात नर्स आहे म्हणून दोन गोष्टी विचारते. दोन्ही बाजूंना नाही म्हणते की एकाच? कारण मांडीवर आडवं धरून डावीकडे पाजलं की बाळाचा उजवा कान खाली दाबला जातो, सर्दीत त्या कानात ठणका असेल तर बाळ डावीकडे प्यायला तयार होत नाही आणि घरचे म्हणतात त्या बाजूचं दूध आटलं. त्याच बाजूला बगलेत घेऊन, पाय तुझ्या पाठीकडे, असं धरून बघ, प्यायली तर अर्धं उत्तर मिळालं. पण कान डॉक्टरांनाच दाखव, घरी तेलबिल घालू नको. नाक बंद असेल तरी पिणार कशी, श्वास कुठून घेणार? पाजायच्या जरा आधी सलाइनचे थेंब टाक. जबरदस्ती अजिबात नको, डोकं धरून दाबलं की आणखी बिघडतं. अर्धवट झोपेत, अंधारात, टीव्ही बंद करून घे. या वयात कुकरची शिट्टी झाली तरी मान वळते.

तोवर दूध हाताने किंवा पंपाने काढत राहा, नाहीतर गाठी होतील आणि दूधही कमी होईल. छाती लाल, गरम, सोबत ताप, असं झालं तर स्वतःला दाखव. काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने दे, बाटली लागली की परत अंगावर यायला कुरकुर करतात. बाहेर २५ डिग्रीच्या आत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. म्हशीचं दूध पोटभर द्यायला वर्ष होऊ दे, त्यात लोह कमी असतं. आणि लंगोट मोज, दिवसरात्र मिळून सहाच्या आसपास ओले हवेत. शू गडद पिवळी किंवा टाळू खोल वाटली तर वाट बघू नको.

बडोद्याची_मावशी
सगळं बरोबर पण एक सांगू? माझ्या धाकट्याने अकराव्या महिन्यात सोडलं ते सोडलंच, सगळे उपाय करून झाले, पंपाने मी वैतागले, मग डॉक्टरांना विचारून वर्ष होईपर्यंत डब्याचं दिलं. पोरगं आता कॉलेजात आहे, धडधाकट. दोन वर्षं पाजावं असं डब्ल्यूएचओ म्हणते ते खरंच आहे, पण नाही जमलं तर आई वाईट ठरत नाही. मावशी, आत्या, जाऊ, ज्या त्या येऊन ‘दूध पुरत नसेल’ म्हणतात ना, त्यांना चहा दे आणि विषय बदल.

मुरारची_सून
सगळ्यांना खूप थँक्स. ताई, तुमचं वाचून नीट पाहिलं तर खरंच डावीकडेच जास्त किंचाळत होती! आज डॉक्टरांकडे नेलं, उजवा कान लाल आहे म्हणाले, औषध दिलंय. काल रात्री झोपेत उजव्या बाजूला थोडं घेतलं, दिवसा अजून तोंड फिरवतेच. म्हशीच्या दुधाचं सासूबाईंना डॉक्टरांनीच सांगितलं हे बरं झालं, माझं त्या ऐकत नव्हत्या. आता एक, पुढच्या आठवड्यात भोपाळला लग्न आहे, रेल्वेत काढलेलं दूध कसं न्यायचं?

वॉर्डातली_ताई
आइसपॅक घालून छोट्या कूलर बॅगेत ने, पॅक गोठलेले राहिले तर चोवीस तास चालतं. बाटलीवर काढल्याची वेळ लिही. गरम करताना थेट गॅसवर नको, कोमट पाण्यात भांडं ठेव. आणि कान बरा झालेला असेल तर गाडीतच शाल घेऊन एकदा पाजून बघ.