दिनो झोफ 41व्या वर्षापर्यंत गोलात टिकला कसा? आणि काळ्या मातीच्या ग्राउंडवर त्यातलं काय शिकवावं?

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या 14 ते 17 वयाच्या तीन कीपरांचा उन्हाळी सराव आखायचा आहे. पोरं मोबाईलवर बघून नुसती हवेत उडतात. पाय कुठे ठेवायचे ते कुणालाच कळत नाही. त्यांच्यापुढे इटलीचा जुना फुटबॉल गोलकीपर झोफ ठेवावा असं डोक्यात आहे. तीन शंका आहेत.

त्याच्या नावापुढे 330, 332, 903, 1142 असे आकडे सापडतात. कोणता कशाचा? 1978 च्या वर्ल्डकपमध्ये लांबून गोल खाल्ले तेव्हा तो संपला होता म्हणतात, मग 1982 ला कप्तान म्हणून कप कसा उचलला? आणि तिसरी, सगळ्यात कामाची: त्याच्या पद्धतीतलं आज काय चालतं, काय नाही?

फर्स्टपोस्ट

आकड्यांचा गुंता आधी सोडवू.

330 म्हणजे युव्हेंटस क्लबकडून इटालियन लीगचे सलग सामने. हिशोब साधा आहे. तेव्हा लीगमध्ये 16 संघ, म्हणजे हंगामात 30 सामने. 1972-73 ते 1982-83 हे 11 हंगाम. 11 गुणिले 30. थोडक्यात, युव्हेंटसमध्ये असेपर्यंत त्याने लीगचा एकही सामना सोडला नाही. ना दुखापत, ना निलंबन. 332 लिहिणारे त्याआधीच्या हंगामातले नापोलीकडून खेळलेले शेवटचे दोन सामने धरतात. दोन्ही बरोबर.

903 म्हणजे एकही गोल न खाता काढलेली सलग मिनिटं, लीगमधली, 1972-73 च्या हंगामातली. तो विक्रम पुढे मिलानच्या सेबास्तियानो रॉसीने 929 वर नेला आणि 2016 मध्ये बुफॉनने 974 वर.

1142 मिनिटं तशीच, पण इटलीच्या संघाकडून. सप्टेंबर 1972 मध्ये युगोस्लाव्हियाने 74व्या मिनिटाला गोल केला, तिथून मोजणी सुरू. त्या सामन्यातली उरलेली 16, मग सलग 12 सामने म्हणजे 1080, आणि 15 जून 1974 ला म्युनिकमध्ये हैतीविरुद्ध 46. त्या 46व्या मिनिटाला इमॅन्युएल सॅनोंने गोल मारला. बेरीज करून बघा, जमते. मधल्या 12 सामन्यांत ब्राझील होता आणि इंग्लंड दोनदा होता, एकदा तर वेम्बलीवर. त्यामुळे दुबळ्या संघांवर जमवलेला आकडा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

बाकी कारकीर्द पटकन: जन्म 28 फेब्रुवारी 1942. उदिनेसेकडून 1961 मध्ये पहिला लीग सामना, फिओरेंतिनाकडून 5 गोल खाल्ले. मग मांतोव्हा 4 वर्षं, नापोली 5, युव्हेंटस 11. युव्हेंटसबरोबर 6 लीग विजेतेपदं आणि 1977 चा युएफा कप. युरोपियन कप मात्र नाही. 1973 ला आयाक्स आणि 1983 ला हॅम्बुर्ग, दोन्ही फायनल 1-0 ने गेल्या. इटलीकडून 112 सामने, पहिला एप्रिल 1968 आणि शेवटचा मे 1983. म्हणजे युरो कप जिंकला 1968 मध्ये, वर्ल्डकप 1982 मध्ये. मधे 14 वर्षं! फायनलच्या दिवशी वय 40 वर्षं 133 दिवस.

एक मात्र पोरांना सांगताना जपा. हे एकट्याचं काम नाही. जेंतिले, शिरेआ, काब्रिनी हे तिघे क्लबमध्येही त्याच्यापुढे आणि देशाकडूनही. शिरेआ तर सगळ्यांच्या मागे मोकळा फिरणारा बॅक. थ्रू बॉल, म्हणजे बचावफळीच्या मागे टाकलेला पास, आला की तो साफ करणार, झोफला डी (गोलपुढचा पेनल्टीचा चौकोन) सोडून धावत जायची पाळी क्वचितच यायची. म्हणून त्याचं सगळं लक्ष गोलपोस्टच्या आसपासच्या कामावर राहिलं.

शिरपूर_कीपर

सलग सामन्यांचा जागतिक विक्रम झोफचाच ना?

फर्स्टपोस्ट

नाही भो. जर्मनीचा सेप मायर पुढे आहे: बायर्न क्लबकडून बुंडेसलीगात, म्हणजे जर्मन लीगमध्ये, सलग 442, 1966 ते 1979. मोटार अपघात झाला म्हणून थांबला. आणि तुम्ही पुढे विचाराल म्हणून आत्ताच: 1970 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये झोफ नव्हता, अल्बेर्तोसी होता. झोफ त्या स्पर्धेत बाकावरच बसून होता. 1968 चा युरो कप जिंकूनसुद्धा.

अंमळनेरी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण 1978 वरून शिकण्यासारखं बरंच आहे आणि लोक त्यातलं नेमकं चुकीचं उचलतात.

नेदरलँड्सच्या आरी हानने 35 मीटरच्या आसपासून मारला, चेंडू पोस्टच्या आतल्या अंगाला लागून आत. तीन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्राझीलच्या नेलिन्योने उजवीकडून बाहेरच्या बाजूने असा वळवला की तो जात होता बाहेर आणि शिरला सेकंड पोस्टच्या (लांबच्या पोस्टच्या) आत. इटलीत ओरड झाली की म्हाताऱ्याला दिसत नाही. वय तेव्हा 36.

आता दोरीचा प्रयोग करा. दोन्ही पोस्टला एकेक दोरी बांधा आणि दोन्ही टोकं चेंडूपाशी खुंटीला आणा. गोल 7.32 मीटर रुंद. चेंडू समोर 16 मीटरवर ठेवला आणि कीपर रेषेवर उभा राहिला तर त्याला 7.32 मीटर राखायचे. तोच 4 मीटर पुढे आला तर दोऱ्यांमधलं अंतर साडेपाच मीटर. 8 मीटर पुढे आला तर 3.66. म्हणजे जवळच्या शॉटला पुढे येण्याचा फायदा भरपूर.

आता चेंडू 35 मीटरवर न्या. कीपर 4 मीटर पुढे आला तरी दोऱ्यांमध्ये साडेसहा मीटर उरतात! फायदा जेमतेम 84 सेंटिमीटरचा, उलट डोक्यावरून जाण्याचा धोका वाढला. म्हणून लांबच्या शॉटला पुढे धावणं हा उपाय नाहीच. रेषेपासून दीड-दोन मीटरवर थांबायचं, आणि मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, वजन पंजावर. हानसारखा शॉट पोस्टला घासून आला तर उत्तम कीपरही हरतो. पण पाय हवेत असताना आला तर मधोमध आलेलासुद्धा जातो. पोरांच्या दहातल्या सात चुका इथेच होतात: शॉट बसतो तेव्हा ती अजून सरकत असतात.

दुसरा प्रकार तिरक्या कोनाचा. 1982 ला ब्राझीलविरुद्ध 12व्या मिनिटाला सॉक्रेटिस उजवीकडून आत घुसला आणि झोफ व फर्स्ट पोस्ट (चेंडूजवळचा पोस्ट) यांच्यातल्या फटीतून जमिनीलगत मारून गेला. ही फट का राहते? बहुतेक कीपर चेंडू आणि गोलचा मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेवर उभे राहतात. रेषा हवी कोनाच्या मध्याची. चेंडू गोलरेषेपासून 9 मीटरवर आणि फर्स्ट पोस्टच्या 3 मीटर बाहेर असेल तर कोनाची मधली रेषा गोलला फर्स्ट पोस्टपासून 3 मीटरवर छेदते, मध्यबिंदू मात्र 3.66 वर. फरक 66 सेंटिमीटर. एका पावलाएवढा. गोल जायला तेवढं पुरतं.

त्याच सामन्यात शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ऑस्करचं हेडर. इटली 3-2 ने पुढे, बरोबरी झाली असती तर ब्राझील सेमीफायनलला. हेडर खाली दाबून मारलेलं, चेंडू रेषेवर. झोफने तो नुसता अडवला नाही, जमिनीशी दाबून तिथेच धरला. ब्राझीलवाले गोल म्हणून हात वर करत होते. तो हातातून सुटला असता तर रिबाउंडवर पाय घालायला माणसं तयारच होती. पंच अब्राहम क्लाइन यांनी गोल दिला नाही.

शिकवायचं ते हेच. खालच्या चेंडूला तीन आधार: खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा हात चेंडूवर, तिसरी जमीन. पोरं दोन्ही हात मागे ठेवतात, मग ओल्या चेंडूचा टप्पा वर उडून छातीला लागतो आणि पुढे पडतो.

आणि टिकला कसा म्हणाल तर यामुळेच. दोन पावलं आधी टाकली की उडी अर्धी होते. वर्षाला शेकडो उड्या वाचल्या की गुडघे आणि कंबर 41 पर्यंत चालतात. त्याच्या चित्रफिती बघताना पोरं कंटाळतील, कारण बहुतेक वेळा चेंडू सरळ त्याच्या अंगावर आल्यासारखा दिसतो. आवाज बंद करा आणि चेंडूऐवजी फक्त त्याचे पाय बघायला लावा.

शिरपूर_कीपर

आणि ती आजीच्या अंड्यांची गोष्ट? 14 व्या वर्षी इंटर आणि युव्हेंटसने उंची कमी म्हणून परत पाठवलं, मग आजीने रोज आठ अंडी चारली आणि पोरगा ताडासारखा वाढला. आमच्याकडे आठ अंड्यांऐवजी कळण्याची भाकरी आणि भरीत चालेल का?

अंमळनेरी

भरीत केव्हाही चालेल. पण उंची वाढली ती वयाने, 14 ला बरीच पोरं वाढायचीच असतात. पुढे तो 1.82 मीटर झाला, कीपर म्हणून मोठा धिप्पाड नव्हेच. यातलं घ्यायचं एवढंच की 14 च्या कीपरला उंचीवरून काढू नका. 17 पर्यंत थांबा, तोवर पाय आणि हात घडवा.

काळीमाती

कोन वगैरे ठीक, पण आपल्या ग्राउंडवर आधी जमीन नीट करा. मे महिन्यात काळी माती भेगाळते, भेगेत बूट अडकला की घोटा गेला. गोलपुढचा खड्डा लोक नुसत्या मुरुमाने भरतात, त्यावर एका आठवड्यात कोपरं-मांड्या सोलवटतात. खाली मुरूम दाबा, वर चार बोटं चाळलेली माती आणि वाळू समभाग, पाणी मारून धुम्मस करा.

डाइव्ह शिकवायला वेगळा हौद करा. 4 बाय 3 मीटर, 30 सेंटिमीटर वाळू. सव्वा ब्रास लागते. त्याखाली 10 ते 15 सेंटिमीटर मुरूम हवाच, नाहीतर पहिल्याच पावसात तळं होतं, कारण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. वाळू चाळूनच टाका, बाभळीचा एक काटा सगळा सराव बंद पाडतो. सकाळी पाणी शिंपडा, म्हणजे बसते आणि तापत नाही. इथे पारा 44-45 ला जातो, तेव्हा सहा ते साडेसातच. नऊ वाजता कोरडी वाळू हाताला चटका देते.

डाइव्हची पायरी चुकवू नका: आधी बसून कुशीवर, मग गुडघ्यावरून, मग उकिडवं, शेवटी उभं राहून. आधी पोटरी-मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा टेकला पाहिजे. कोपर आधी टेकलं तर पोरगं दोन दिवसांत घाबरतं आणि नंतर उडीच टाकत नाही. एका बाजूला 10 ते 12 च्या वर नको. डाव्या बाजूने सुरू करा, उजवी आपोआप येते.

ग्लोव्हजचं: तळव्याचं लॅटेक्स कोरडं असलं की आपली धूळ त्यावर पिठासारखी बसते आणि चेंडू निसटतो. आधी थोडं ओलं करा. खेळून झाल्यावर कोमट पाण्यात हातानेच धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात टाकले की लॅटेक्सला तडे जातात.

फर्स्टपोस्ट

तिसरा प्रश्न राहिला. झोफचं सगळं उचलू नका. त्याच्या काळात बॅक हक्काने मागे पास द्यायचा आणि कीपर हाताने उचलायचा. 1992 पासून जाणूनबुजून पायाने दिलेला पास हाताने घेता येत नाही, घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक. म्हणजे झोफने ज्याचा सराव फारसा केला नाही, तो तुमच्या पोरांना रोज हवा: दोन्ही पायांनी पहिल्या टचला चेंडू बाजूला घेणं आणि दुसऱ्या टचला 25-30 मीटर पास. सरावाचा तिसरा हिस्सा यालाच द्या.

तापीकाठ

भरून पावलो. वाळूचं बघतो. अंमळनेरी भाऊ, दोरी कशी बांधायची? किती उंचीवर?

अंमळनेरी

पोस्टला जमिनीपासून वीतभर वर, खुंटीलाही तेवढीच. कीपरला दोऱ्यांच्या आत उभं करा, मग दोन्ही बाजूंनी हात-पाय लांबवून दोरीला शिवायला सांगा. एका बाजूची लवकर शिवली आणि दुसरी राहिली तर तो रेषा सोडून उभा आहे. मग खुंटी हलवा आणि पुन्हा, एका सत्रात सहा-सात जागा. सुतळी घेऊ नका, ती सैल पडते आणि कोन खोटा दिसतो. पिवळी नायलॉनची घ्या. आणि चेंडू मारायच्या आधी दोरी सोडा, नाहीतर पाय अडकून पोरगं पडेल.