गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा : व्हिडिओ गेममधील मासेमारीचे अनुभव

व्हिडिओ गेममध्ये आपल्या गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या माशाचा अनुभव, वर आपल्या ठिकाणाचे नाव देऊन, येथे लिहावा, ही सर्वांना विनंती. मासा हाती आला की सुटला यापेक्षा तो खेळवताना नेमके काय केले, हे सविस्तर आले तर नव्याने खेळणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. सुरुवात मी करतो.

चरई, ठाणे

एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ २०१६ साली आला. त्यातील 'लेजंड' हा मासा फक्त वसंत ऋतूत, पाऊस पडत असतानाच, डोंगरातल्या तळ्यात लागतो आणि त्यासाठी मासेमारीची दहावी पातळी गाठावी लागते. मासा लागताच एक उभा स्तंभ दिसतो. त्यात वरखाली धावणारा मासा आपल्या हिरव्या पट्टीच्या आत राहिला की बाजूचे माप चढते आणि बाहेर गेला की उतरते. लेजंड इतका उसळतो की बटण दाबून धरले तर पट्टी त्याच्या पुढे निघून जाते, आणि एकदम सोडले तर ती तळाशी आपटून उडते. चार पावसाळी दिवस असे वाया गेल्यावर मी गळाला 'ट्रॅप बॉबर' जोडला, कारण त्यामुळे मासा निसटला तरी माप सावकाश उतरते, आणि बटणावर नुसत्या हलक्या टिचक्या मारू लागलो. माप लाल होऊन नखाएवढे उरले होते, तेथून ते पुन्हा चढत गेले. हा मासा ५,००० नाण्यांना विकला जातो. मी तो विकला नाही, घरातल्या पेटीत जपून ठेवला आहे.

नेरूळ

२०२० च्या टाळेबंदीत मी आणि आई 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' खेळत होतो. या खेळात मासा ओढावा लागत नाही, वाट पाहावी लागते. पाण्यातली सावली गळाला तोंड लावून मागे सरते, असे जास्तीत जास्त चार वेळा होते, आणि खऱ्या चाव्याचा 'डुबुक' आवाज वेगळा येतो. आई डोळे मिटून केवळ त्या आवाजावर बटण दाबत असे. अशाच एका पावसात तिला सीलाकॅन्थ मिळाला. नामशेष झाला असे मानलेला हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला होता, हे मी तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने तो विकू दिला नाही आणि संग्रहालयाला दिला.

ऐरोली

'रेड डेड रिडम्प्शन २' या खेळात १३ प्रसिद्ध मासे आहेत आणि त्यांच्यासाठी खास आमिष घ्यावे लागते. मासा झुंजत असताना रीळ फिरवले की दोर तुटतो. तो दमेपर्यंत गळकाठी त्याच्या विरुद्ध बाजूला झुकवून थांबायचे आणि तो शांत झाला की मगच रीळ फिरवायचे, हे कळायला मला एक आठवडा लागला.

दिवाळे, बेलापूर

ऐरोलीकरांचा मुद्दा मला अधिक खोलात मांडावासा वाटतो, कारण 'फिशिंग प्लॅनेट' या खेळात दोराला किती वजन पेलवते आणि रिळाचा ब्रेक (मासा ओढू लागला की दोर किती सहज सुटावा ते ठरवणारा) किती आवळला आहे, हे दोन्ही आपणच ठरवायचे असते. मी ब्रेक पूर्ण आवळून खेळत असे. एका सकाळी काठी कमानीसारखी वाकली, ताणाची खूण लाल झाली, आणि दोर तुटून आमिषही गेले.

माझे वडील खाडीत होडी घालतात. ते मागे उभे राहून पाहत होते. "ओढतोस कशाला? ढील दे त्याला," एवढेच ते म्हणाले. जिताडा गळाला लागला की ते स्वतः दोर बोटांतून सुटू देतात. दोर सरकताना जो चटका बसतो, त्यावरून मासा किती दमला ते त्यांना समजते. पडद्यावर तो चटका नसतो, म्हणून मी ब्रेक दोन घरे सैल केला आणि रिळाचा किर्रर्र आवाज ऐकू लागलो. आवाज चालू असेपर्यंत हात लावायचा नाही आणि तो थांबला की चार फेरे गुंडाळायचे, असे करत पुढचा मासा वीस मिनिटांनी काठाला आला, तो 'ट्रॉफी' म्हणजे त्याच्या जातीत खास मोठ्या आकाराचा ठरला. दोर तोडून गेलेला त्याहून मोठा असावा, असे वडिलांचे मत आहे, आणि मी अजून त्याच वळणावर गळ टाकतो आहे.