प्रतिसाद: सापळ्यांचा आकडा कशाचा?

‘साताऱ्यात यंदा सापळे कमी, म्हणजे लाच कमी’ हे गणित पटत नाही. लाच घेताना रंगेहाथ पकडायचा सापळा लागतो तो कुणी १०६४ या हेल्पलाइनवर किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात तक्रार केली तर. लोकांनी गुपचूप पैसे देऊन सातबाऱ्यावर फेरफार करून घेतला, की आकडा आपोआप खाली. उलट सापळे वाढले तर कदाचित लोकांचा विश्वास वाढलेला असतो!

वर्षाचं दोषसिद्धीचं प्रमाणही फसवं. त्यात निकाल आजचे, गुन्हे कितीतरी जुने. त्यापेक्षा एकाच वर्षी नोंदलेले गुन्हे धरा आणि शेवटपर्यंत मोजा: दोषारोपपत्र किती, शिक्षा किती, आणि मुख्य म्हणजे अधिकाऱ्यावर खटला भरायला लागणारी सरकारी मंजुरी किती दिवसांत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये २०१८ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीन महिने, फार तर आणखी एक, असं घातलंय. खरी गळती बहुधा तिथंच दिसेल.