चहा सांडल्यापासून लॅपटॉपची बॅटरी चार्ज होत नाही. मदरबोर्ड बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

मागच्या आठवड्यात माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर साधारण अर्धा कप दूध-साखरेचा चहा सांडला आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूने आत उतरला. तिने लगेच पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि तो अर्धवट उघडा ठेवून पालथा घातला. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला मिळाला होता, पण पाणी उडून गेले तरी साखर आतच राहते, म्हणून तो आम्ही मानला नाही. मात्र योग्य स्क्रूड्रायव्हर नसल्यामुळे खालचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवायला दोन दिवस गेले, आणि त्या काळात बोर्डाला वीज मिळत राहिल्याने गंज वाढला असावा, ही खंत मला आहे. उघडल्यावर डीसी जॅकपाशी, म्हणजे चार्जरची पिन बसते त्या खाचेपाशी, हिरवट थर दिसला. तो मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला.

आता लॅपटॉप सुरू होतो, कीबोर्डही चालतो. चार्जर जोडल्यावर मात्र ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसते, कामाचा वेग फार मंदावतो आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) अ‍ॅडॅप्टरच्या, म्हणजे चार्जरच्या, प्रकारापुढे ‘अननोन’ लिहून येते. चार्जर ६५ वॉटचा, १९.५ व्होल्टचा आहे, मल्टिमीटरवर १९.६ व्होल्ट मिळाले. याच कंपनीचा लॅपटॉप वापरणाऱ्या एका सहकाऱ्याकडे तो नीट ओळखला जातो, उलट त्यांचा चार्जर आमच्याकडे ‘अननोन’च दाखवतो, त्यामुळे दोष लॅपटॉपच्या आतच आहे हे निश्चित झाले. चार्जर काढल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, टक्केवारी हळूहळू उतरते आणि बॅटरी फुगलेलीही नाही.

या चार्जरच्या पिनच्या मध्यभागी एक बारीक पिन असते आणि तिच्यावरूनच लॅपटॉप चार्जरची क्षमता ओळखतो. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही कमी ठेवतो. आमची लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. शिवाय या मॉडेलमध्ये डीसी जॅक बोर्डावर सोल्डर केलेला नसून छोट्या केबलने जोडलेला आहे, म्हणजे तो स्वतंत्रपणे बदलता येतो. तरीही सर्व्हिस सेंटरने झाकण न उघडताच संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा २४,००० रुपयांचा अंदाज दिला. द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य आहे. पण तपासणी न करता दिलेला निष्कर्ष मला पटलेला नाही. मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच लॅपटॉपवर चालू आहे आणि एवढा खर्च आम्हाला सध्या झेपणारा नाही.

आधी केवळ जॅकची केबल बदलून पाहावी, असे मला वाटते. असे काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे की, नव्या केबलनंतरही ‘अननोन’ कायम राहिल्यास जॅकच्या कनेक्टरपासून कंट्रोलरपर्यंत (चार्जर ओळखणाऱ्या बोर्डावरील चिपपर्यंत) जाणारी, चार्जर ओळखण्यासाठीची लाइन चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरील सुट्या भागांची, दुरुस्ती करणाऱ्याकडून जोडून घेता येते का, आणि त्याला नेमके काय तपासायला सांगावे? तसेच बोर्ड पूर्ण बाहेर काढून कीबोर्डकडची बाजू मी अद्याप साफ केलेली नाही. तोवर लॅपटॉप चार्जरवर वापरणे सुरक्षित आहे, की तो बंद ठेवावा? सर्व फायलींचा बॅकअप घेतलेला आहे.